पुढचं विमान अजून उतरलेलं नाही

ही गोष्ट लिहू नये, असं मृणालिनीचं म्हणणं होतं. कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून नव्हे. ठेवतील म्हणून.

मृणालिनी माझी बायको. जे घडलं ते तिच्या बाबतीत घडलं, आणि मी ते तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यात माझ्या पदरचा एकही शब्द शिरत नाही. तारीख १८ नोव्हेंबर २०२३, शनिवार. वेळ दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. जागा सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, आमच्या बॉथेलपासून अर्ध्या तासावरचं एक छोटं विमानतळ. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे अजूनही लोक उडतात.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

फक्त ढग खाली आले होते...

पुढचं कळावं म्हणून थोडं समजावून सांगतो. लहान विमान दोन तऱ्हांनी उडवता येतं. एक, डोळ्यांनी. खाली जमीन दिसते, समोर डोंगर दिसतात, जीव आपल्या नजरेच्या हवाली असतो. याला वैमानिक व्हीएफआर म्हणतात. दुसरी तऱ्हा यंत्रांची. ढगात शिरलं की डोळे खोटं बोलू लागतात आणि शरीर त्याहून खोटं. वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं. मग समोरच्या काट्यांवर, आणि दूर कुठल्या तरी खोलीत रडारसमोर बसलेल्या कंट्रोलरच्या आवाजावर भरवसा ठेवून उडायचं. हे आयएफआर. तो आवाज तुमच्याभोवती आकाशाचा एक रिकामा तुकडा राखून ठेवतो. त्यात दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही. तुम्ही वेळेवर उतरला नाहीत, तर तोच आवाज तुम्हाला शोधायला माणसं पाठवतो.

छोट्या विमानतळावर, ढगाळ दिवशी, असं एका वेळी एकच विमान उतरतं. पुढचा जमिनीला लागला, किंवा ‘मला खालचं दिसतंय, माझं आयएफआर कॅन्सल करा’ असं त्याने सांगितलं, की मगच मागच्याला परवानगी. तोवर मागच्याने वर ढगात घिरट्या घालायच्या.

म्हणून या लोकांत एक रीत आहे. मागे कुणी ताटकळत असेल, तर पुढचा जरा लवकर कॅन्सल करतो. आपल्यामागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवावं, तसं.

बाकी सगळं या सौजन्यातून घडलं.

चंद्रशेखर काका मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, आयुष्यभर विमानांचे पंख डिझाइन करून निवृत्त झालेले. सत्तरीला आले होते, पण चाल अजून कॉलेजातल्या मुलासारखी. त्यांचं स्वतःचं एक जुनं दोन आसनी विमान होतं. त्याच्या नंबरातले शेवटचे आकडे सात-तीन आणि मग माइक, म्हणजे एम हे अक्षर. रेडिओवर सगळे त्यांना याच नावाने ओळखत. मृणालिनीला उडायचं वेड त्यांनीच लावलं.

“तुझं लँडिंग म्हणजे ओट्यावर कुकर आपटल्यासारखं आहे गं,” ते म्हणायचे. “धावपट्टीने काय घोडं मारलंय तुझं?”

“तुम्ही शिकवलंत तसंच करते काका.”

“मग माझं नाव सांगू नकोस कुणाला.”

१९ नोव्हेंबर २०२१. शुक्रवार. दोघं सकाळी डोंगरापलीकडे वेनाचीला गेले होते. काका आपल्या विमानातून, ती क्लबच्या विमानातून. ती यंत्रांवर उडायचं नुकतीच शिकली होती आणि तिला सराव हवा होता. विमानाच्या पंखाखाली उभं राहून दोघांनी डब्यातले पोहे खाल्ले. तिकडे लख्ख ऊन होतं.

परतताना इकडच्या बाजूला ढगांचा एकसंध थर पसरलेला. काका पुढे. ती मागे, वर घिरट्या घालत.

आमच्या अनयाचा त्या दिवशी शाळेत व्हायोलिनचा पहिला सोलो होता. साडेचार वाजता. ती तेरा वर्षांची होती.

विमानात दोन रेडिओ असतात. एकावर कंट्रोलर. दुसऱ्यावर विमानतळाची स्थानिक फ्रिक्वेन्सी. त्या दुसऱ्या रेडिओवर मृणालिनीने मराठीत विचारलं, “काका, किती वेळ लागेल?” तिथे मराठी बोलू नये. पण त्या दिवशी तिथे दोघंच होते.

“का गं? पोहे पचले नाहीत?”

“साडेचारला अनयाचा सोलो आहे. मी इथे गोल गोल फिरतेय.”

“अगं मग आधी सांगायचंस, तुला पुढे सोडलं असतं.”

“कॅन्सल करता का?”

रेडिओत घरघर झाली...

“करतो,” काका म्हणाले.

लगेच पहिल्या रेडिओवर त्यांचा आवाज आला, इंग्रजीत, शांत. धावपट्टी दिसतेय, आयएफआर कॅन्सल. कंट्रोलर म्हणाला, “सात-तीन-माइक, कॅन्सलेशन रिसीव्ह्ड. गुड डे.”

त्या क्षणी जगाच्या हिशेबी काका पोचले. त्यांच्यासाठी राखलेला आकाशाचा तुकडा कुणीतरी घडी घालून ठेवून दिला.

दोन मिनिटांत मृणालिनीला परवानगी मिळाली. तीन बावन्नला ती उतरली. काकांच्या विमानाची जागा रिकामी होती. जमिनीवर बांधायचे दोर तसेच पडलेले.

गेले असतील एखादा फेरा मारायला, असं तिला वाटलं.

ती आपलं विमान बांधत होती, तेवढ्यात धावपट्टीचे दिवे लागले. अशा विमानतळांवर दिवे वैमानिकच लावतो; रेडिओचं बटण पटापट सात वेळा दाबलं की लागतात, आणि पंधरा मिनिटांनी आपोआप विझतात.

म्हणजे जवळच कुठेतरी काकांनी बटण दाबलं होतं.

“येतायत,” ती स्वतःशी म्हणाली. आणि गाडीत बसली.

अनया सुंदर वाजवत होती. मृणालिनी चार एकतीसला माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या केसांना अजून थंडीचा वास होता. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

हवा वाईट असली की काका कधीकधी पलीकडेच मुक्काम करत. म्हणून मंजुषा काकूंनी त्या रात्री वाट पाहिली नाही. सकाळी त्यांचा फोन आला. “मृणालिनी, हे तुमच्याकडे राहिलेत का गं?”

काका शनिवारी दुपारी सापडले. विमानतळापासून चार मैलांवर, फरच्या झाडांनी भरलेल्या टेकडीवर. विमान आदळलं की आपोआप हाक देणाऱ्या बीकनची अँटेना तुटली होती, त्यामुळे कुठेच संदेश गेला नव्हता. त्यांना खालचं काही दिसलं नव्हतं. दिसणं शक्यच नव्हतं. टेकडी पायथ्यापर्यंत ढगात होती.

डॉक्टर म्हणाले, ते पहाटेपर्यंत जिवंत असावेत. छाती अशी चेपली होती की आवाज फुटला नसता.

अंगठा मात्र रेडिओच्या बटणावर होता.

विमानतळावरच्या मेकॅनिकने नंतर सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे सारखे लागत होते. पंधरा मिनिटांनी विझायचे. पुन्हा लागायचे. आकाशात एकही विमान नाही. त्याला वाटलं, सर्किटमध्ये बिघाड आहे. आठ वाजता त्याने मेन स्विच बंद केला आणि तो घरी गेला.

स्थानिक फ्रिक्वेन्सीवरचं बोलणं कुठेच रेकॉर्ड होत नाही. चौकशी करणाऱ्यांना मृणालिनीने सांगितलं, आमचं काही बोलणं झालं नाही. काकूंनाही तेच सांगितलं. आणि मलाही.

त्यानंतरची दोन वर्षं मी एका बंद खोलीबरोबर संसार केला. ती हसायची, ऑफिसला जायची, अनयाचे डबे भरायची. भांडी घासता घासता मध्येच थांबायची आणि नळ वाहत राहायचा. आतल्या आत ती स्वतःला एकच प्रश्न विचारत होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मला माहीत असतं, तर मी त्यांना तसं विचारलं असतं का?

आणि एकच उत्तर. नाही. कधीच नाही.

त्या उत्तराच्या आधाराने ती जगत होती. दुसरं काही नव्हतं तिच्याजवळ.

आठ महिन्यांनी ती पुन्हा उडायला लागली. पण फक्त निरभ्र दिवशी. फक्त डोळ्यांनी. यंत्रांवर उडायचा सराव तिने नियमाला हवा तेवढाच ठेवला, तोही शिक्षकाला शेजारी बसवून. एकटीने ढगाला शिवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आणि मग ती १८ नोव्हेंबर आली.

अनया पंधरा वर्षांची झाली होती. स्पोकॅनला तिची व्हायोलिनची स्पर्धा होती. मायलेकी आदल्या दिवशी क्लबच्या विमानाने गेल्या. शनिवारी निघताना हवेचा अंदाज चांगला होता. डोंगर ओलांडेपर्यंत ऊनच होतं.

डोंगर ओलांडला, आणि खाली सगळं पांढरं...

कडेपासून कडेपर्यंत. कुठेही भोक नाही, चीर नाही. मृणालिनीने मागे वळून पाहिलं. खिंडीवरही ढग मिटले होते. परतीची वाट राहिली नव्हती.

“आई, आर वी ओके?” अनयाने विचारलं.

“आहोत. आता फक्त कंट्रोलरशी बोलून खाली जायचं.”

तिने कंट्रोलरला हाक दिली. डोळ्यांनी उडत होते, आता यंत्रांवर यायचं आहे, असं सांगितलं. एका बाईचा आवाज होता. तिने रडारवर ओळखण्यासाठी नवा नंबर दिला, उंची दिली, दिशा दिली. मृणालिनीने नाक खाली केलं आणि विमान ढगात बुडालं.

जग गेलं. काचेबाहेर दुधी अंधार, आणि इंजिनाचा आवाज एकाएकी जवळ आल्यासारखा.

मग कंट्रोलर म्हणाली, “तिथेच घिरट्या घाला. तुमच्या पुढे एक विमान आहे. त्याने अजून कॅन्सल केलेलं नाही.”

मृणालिनी म्हणाली, ठीक आहे.

पहिला फेरा. दुसरा. प्रत्येक फेरा चार मिनिटांचा.

तिसऱ्या फेऱ्यात तिचं लक्ष पंखाकडे गेलं. पंखाच्या पुढच्या कडेवर एक पांढरी किनार धरली होती. बर्फ. ढगातलं पाणी पंखावर गोठत होतं. बर्फ धरला की पंखाचा आकार बदलतो आणि विमान जड होतं. मग ते हळूहळू उडायचं विसरतं. त्यांच्या छोट्या विमानात बर्फ वितळवायची सोय नव्हती. तिने वर चढायचा प्रयत्न केला. विमान चढेना.

आता एकच वाट होती. खाली. आणि खालची वाट पुढच्याने अडवलेली.

“मला बर्फ धरतोय,” तिने सांगितलं. “किती वेळ?”

“पुढचं विमान मला उत्तर देत नाही,” कंट्रोलर म्हणाली. “खूप खाली आहे, माझा आवाज पोचत नसेल. तुम्ही स्थानिक फ्रिक्वेन्सीवर विचारता का, कॅन्सल करताय का म्हणून?”

हे नेहमीचं आहे. एका वैमानिकामार्फत दुसऱ्याला निरोप देतात.

“कोण आहे पुढे?” मृणालिनीने विचारलं.

“सात-तीन-माइक.”

...

तिने तो नंबर परत म्हणून दाखवला नाही. हात गुडघ्यावर ठेवून ती नुसती काट्यांकडे बघत राहिली. काटे खरं बोलत होते. उंची खरी होती. वेग खरा होता, आणि तो पडत होता.

तिला आणीबाणी जाहीर करता आली असती. हेही तिच्या मनात आलं. पण केली, तर कंट्रोलर काय करणार? पुढच्याला बाजूला काढणार. बाजूला म्हणजे कुठे, ते तिला ठाऊक होतं. तिथे फरची झाडं होती.

“आई,” अनया म्हणाली. “जस्ट आस्क हिम.”

मृणालिनीने दुसऱ्या रेडिओचा आवाज वाढवला.

आधी नुसती घरघर.

मग टिक.

टिक. टिक. टिक. टिक. टिक. टिक...

सात.

थोडी शांतता. पुन्हा सात. घाई नव्हती त्यात. फार दमलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा तेच दार वाजवावं, तसं.

“काका,” ती म्हणाली. मग बटण दाबून पुन्हा म्हणाली, “काका.”

टिकटिक थांबली.

“बोल गं.”

तोच आवाज. जरा लांबून आल्यासारखा, पण तोच.

“काका, तुम्ही कुठे आहात?”

“तुझ्या पुढेच आहे की.” मग जरा वेळाने, “किती वेळ झाला तुला थांबून?”

विमान थरथरलं. पंखावरची किनार आता बोटभर जाड झाली होती. अनयाने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती. तिची बोटं, तारांवर फिरून घट्टे पडलेली ती डाव्या हाताची बोटं, पांढरी पडली होती.

“कॅन्सल करू का?” काकांनी विचारलं.

ज्या प्रश्नाचं उत्तर ती दोन वर्षं पाठ करत होती, तो प्रश्न आता तिच्या कानात उभा होता. आता तिला सगळं माहीत होतं. टेकडी माहीत होती. ती रात्र माहीत होती. लागणारे आणि विझणारे दिवे माहीत होते. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय उरली नव्हती.

“काका, खालचं दिसतंय का तुम्हाला?”

घरघर...

खूप घरघर. तिला त्यात काहीच ऐकू आलं नाही.

वेगाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या तळाशी आला. धोक्याचा भोंगा एकदा कण्हला आणि थांबला. अनयाने आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

“करा, काका,” मृणालिनी म्हणाली.

“करतो.”

पहिल्या रेडिओवर लगेच कंट्रोलरचा आवाज आला. तुमचा मार्ग मोकळा आहे, उतरायला परवानगी.

ती खाली आली. ढग संपेना. हजार फूट. आठशे. सातशे. सहाशेला काचेवरचा दुधी पडदा फाटला आणि समोर धावपट्टी होती. दिवे पूर्ण तेजात जळत होते.

तिने बटण दाबलं नव्हतं.

विमान दगडासारखं टेकलं. धावपट्टीच्या टोकाला तिने इंजिन बंद केलं, तेव्हा पंखांवरून बर्फाचे पापुद्रे सुटून खाली पडत होते. काच फुटावी तसा आवाज होत होता. बाकी कुठेच आवाज नव्हता.

रिकामी जागा रिकामीच होती.

या खेपेला ती निघून गेली नाही. तिथेच उभं राहून तिने कंट्रोलरला फोन लावला. आपण उतरलो ते सांगितलं, आणि मग म्हणाली, “माझ्या पुढचं विमान पोचलेलं नाही. सात-तीन-माइक. शोध सुरू करा. टेकडी कुठली ते मी सांगते.”

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

“मॅम,” कंट्रोलर सावकाश म्हणाली, “तुमच्या पुढे कोणीच नव्हतं.”

“तुम्हीच सांगितलंत.”

“मी तुम्हाला तीन वेळा उतरायची परवानगी दिली. तीनही वेळा तुम्ही म्हणालात, पुढे कोणीतरी आहे, मी थांबते.”

मृणालिनीने फोन ठेवला. त्या बाईच्या आवाजात राग नव्हता. काळजी होती, आणि ती जास्त भयंकर होती.

दोघी गाडीने घरी निघाल्या. बॉथेलच्या अलीकडच्या सिग्नलला अनया म्हणाली, “आई, ते काका कोण होते?”

मृणालिनीने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. सिग्नल हिरवा झाला तरी.

“तू ऐकलंस?”

“आय हॅड द हेडसेट ऑन.” मग अनया अडखळली. तिचं मराठी आमच्या घरापुरतं. बोलायच्या आधी ती शब्द चाचपून बघते. “तू त्यांना विचारलंस, दिसतंय का. आणि ते म्हणाले, ‘नाही गं, काहीच दिसत नाहीये.’ दॅट मीन्स ही कुडन्ट सी, राइट?”

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

“देन व्हाय डिड यू से करा?”

त्या रात्री मृणालिनीने मला सगळं सांगितलं. पहिलंही, दुसरंही. अनया जिन्यात बसून ऐकत होती, हे आम्हाला उशिरा कळलं. साडेचारच्या सोलोची गोष्ट तिने ऐकली. ‘कॅन्सल करता का’ हेही ऐकलं. ती उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तिने व्हायोलिनची पेटी उघडलेली नाही. आम्ही एकदाच विषय काढला. तिने इतक्या सौम्यपणे नाही म्हटलं की पुन्हा काढायचा धीर झाला नाही.

आठवड्याने मृणालिनी बेलव्ह्यूला मंजुषा काकूंकडे गेली. मीही गेलो होतो. काकूंनी चहा टाकला, खाली बसल्या आणि मध्ये एकदाही न थांबवता सगळं ऐकून घेतलं. भूत, भास, असं एक अक्षर त्यांनी उच्चारलं नाही. जणू नवऱ्याच्या प्रवासाची खबर ऐकत होत्या.

“त्यांना कुणी आपल्यापायी खोळंबलेलं खपायचं नाही,” त्या म्हणाल्या. “लग्नातसुद्धा पंगतीत अर्ध्या जेवणावरून उठले होते. मागे माणसं उभी होती म्हणून.”

मृणालिनी रडत होती.

“पहिल्या वेळी तुला माहीत नव्हतं,” काकू म्हणाल्या. “या वेळी त्यांनी विचारल्यावर काय म्हणालीस?”

“‘करा’ म्हणाले मी.”

काकूंनी कपाची बशी सरळ केली. नसलेली सुरकुती काढावी तसा टेबलावरून हात फिरवला.

“बरं केलंस. पोर होती बरोबर.” मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “पण आता इकडे येत जाऊ नकोस.”

आम्ही गेलो नाही पुन्हा.

मृणालिनीने उडणं सोडलं. तिच्याजवळ जो एक आधार होता, ते उत्तर, तो आता नाही. ती झोपते, उठते, कामावर जाते. ढगाळ दिवशी कधीकधी आमच्या छपरावरून एक बारीक इंजिन घुमत जातं. दूर जात नाही, खालीही येत नाही. दर चार मिनिटांनी तोच आवाज. कुठलं विमान आहे ते मी फोनवर बघतो. नकाशावर तिथे काही नसतं. मी तिला सांगत नाही. तीही विचारत नाही.

इथवर असतं, तर मी लिहायला बसलो नसतो.

अनया आता सतरा वर्षांची आहे. मागच्या उन्हाळ्यात तिने वैमानिकाचा परवाना घेतला. फीचे पैसे तिने आइस्क्रीमच्या दुकानात काम करून जमवले. आम्ही अडवू म्हणून आम्हाला न सांगता. सध्या ती यंत्रांवर उडायला शिकते आहे. तिचा शिक्षक म्हणतो, इतका स्थिर हात मी पाहिला नाही.

परवा जेवताना मी तिला विचारलं. हसत विचारायचा प्रयत्न केला.

“आणि तुला ते काका भेटले तर गं? ढगात, तुझ्या पुढे?”

“देन आय विल वेट, बाबा.”

“किती वेळ?”

तिने खरंच विचार केला. घास हातात धरून.

“एव्हरीवन आस्क्स हिम टू कॅन्सल. सो ही डझ. समबडी शुड जस्ट वेट.” मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून, “जेवढा वेळ लागेल तेवढा.”

“विमानात इंधन किती असतं, माहीत आहे ना?”

“साडेचार तास.”

“आणि मग?”

तिने खांदे उडवले आणि अजून एक पोळी वाढून घेतली. मृणालिनी ताटावरून उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तो बराच वेळ बंद झाला नाही.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. नोव्हेंबरात.

ती पास होईल. तिच्या शिक्षकाला शंका नाही, आणि आम्हालाही नाही.